सबटायटलमधली आत्या

“आंट इज आंट, सुनंदा,” ग्रॅहम म्हणाला. “माझ्या आईला ढीगभर बहिणी, वडिलांनाही. सगळ्या आंटीच. एपिसोड आज क्लायंटकडे जायचाय.”

ईशा आणि नील, ग्रॅहम म्हणजे तुमच्या आजीचा बॉस. शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झाल्यापासून मी इथे लंडनजवळ स्लाऊला एका छोट्या ऑफिसात परदेशी मालिकांची इंग्रजी सबटायटल्स तपासते. पडद्याखाली येणारी ओळ वाचायला प्रेक्षकाला जेमतेम क्षण मिळतो. ओळ लांबली की चेहरा बघायचा राहतो. म्हणून ती आखूड हवी आणि खटकायला नको. एवढंच माझं काम. चिनी मला येत नाही. ते मेईचं काम. मेई आमची ट्रान्सलेटर, तिशीतली, चेंगडूची.

हल्ली आमच्याकडे चिनी ऐतिहासिक मालिका फार येतात. सूड आणि घराणं, बाकी काही नाही. मला त्या आवडतात, आणि का ते मी शोधून काढलंय. सूड घ्यायला आधी सगळे नातेवाईक एका घरात असावे लागतात. सकाळी आजीला चहा कोणत्या सुनेने द्यायचा, यावरून तिथे वैर होतं. माझ्याकडे चहा करते मीच आणि पिते मीच. वैर धरायचं तर किटलीशी.

तर ही मालिका. एका मुलीच्या वडिलांना खोट्या साक्षीवरून देहदंड होतो. साक्ष देते त्यांची सख्खी बहीण. मुलगी मोठी होते, नाव बदलते आणि त्याच बाईकडे मोलकरीण म्हणून राहते. शेवटच्या भागात ती मालकिणीला विषाचा पेला देते. बाई तो ओठांना लावणार, इतक्यात मुलगी एकच शब्द बोलते. बाईच्या हातून पेला पडतो. खाली ओळ येते, ‘आंट’.

अडचण अशी की स्वयंपाकघरातल्या म्हातारीलाही ही मुलगी पहिल्या भागापासून ‘आंट’च म्हणत आलीय. मग आजच पेला का पडावा? मी आवाज मोठा करून पुन्हा ऐकलं. शब्द वेगळा होता.

“म्हातारीला ती ‘यी’ म्हणते,” मेईने सांगितलं. “आईची बहीण. ओळखपाळख नसलेल्या बाईलाही आम्ही तेच म्हणतो.”

“आणि हिला?”

“गूमू. वडिलांची बहीण. हे परकीला म्हणत नाही कोणी.”

मला हसूच आलं. आपल्याकडेही भाजीवाल्या बाईला मावशी म्हणतात. आत्या म्हणून हाक मारा, ती वळूनही बघणार नाही. त्या एका शब्दात मुलीने सांगून टाकलं होतं, मी तुझ्या भावाची लेक. आणि इंग्रजीत ते सगळं सांडून गेलं होतं.

“मला माहीत होतं,” मेई म्हणाली. “पण इंग्रजीत दुसरा शब्दच नाही.”

“फादर्स सिस्टर,” मी म्हटलं.

“कोणती इंग्लिश मुलगी अशी हाक मारते?” ग्रॅहम पलीकडून ओरडला. “खटकणारी ओळ काढायला तुला ठेवलंय, घालायला नाही!”

म्हणणं बरोबर होतं. मी वाद घातला नाही. त्याला बोलावून आधी ‘आंट’ लावून सीन दाखवला.

“पेला का टाकला तिने? गरम होता?”

मग ‘फादर्स सिस्टर’ लावून दाखवला. पेला पडला, घरंगळला.

“ओह,” तो म्हणाला. “ओह, ब्लडी हेल. मुलीने स्वतःच वाचवलं तिला.” जाता जाता म्हणाला, “क्लायंटने ओरडा केला तर फोन तू घ्यायचास.”

लंचला मेईने सँडविच उघडलंच नाही. “माझीही एक गूमू आहे,” ती म्हणाली. “लहानपणी केस तीच विंचरायची. हा शब्द मी हल्ली फक्त टाइप करते. तोही ‘आंट’ असा.”

मी म्हटलं, “आमच्यात आत्या म्हणतात.” तिने तो शब्द दोनदा म्हणून बघितला. तुमच्यापेक्षा चांगला जमला तिला.

क्लायंटचा ओरडा नाही आला, ईमेल आला. ‘इंग्रजी विचित्र वाटतंय. मुद्दाम आहे का?’ मी उत्तर दिलं, ‘हो, मुद्दाम.’ ओळ राहिली. आमच्या धंद्यात खटकणारी ओळ ही चूक असते. मात्र कधीकधी प्रेक्षकाला तिथे ठेच लागावी, हीच गरज असते.

तुमच्या मेलबर्नलाही ती मालिका दिसते म्हणे. बघाल तेव्हा ही गोष्ट आठवा. तुमच्या बाबांची बहीण, माझी लेक, कार्डिफला राहते. तुम्ही तिला ‘आंटी’ म्हणता आणि ती ओ देते, पण मग मला फोन करून म्हणते, ‘आजही आंटीच.’ एकदा ‘आत्या’ म्हणून हाक मारा. हॉस्पिटलात ड्यूटीवर असते, फोन उचलायला वेळ लावते. रिंग वाजू द्या.