दारव्ह्यातला पायथनचा क्लास

दारव्ह्यात, आमच्या घराच्या वरच्या खोलीत मी कोडिंगचे क्लास घेते. पायथन, अगदी पहिल्यापासून. बॅच येतात, शिकतात, पुण्याला जातात. किस्से मात्र इथंच मुक्काम करतात. आता खोली त्यांनाच पुरत नाही!

*

किराणा दुकानवाले वैभवचे बाबा तक्रार घेऊन आले. "मॅडम, महिनाभर पोरगं प्रिंट-प्रिंट करून राह्यलं. घरी एक कागद नाही आला!"

मी सांगितलं, प्रिंट म्हणजे स्क्रीनवर दिसतं. त्यांनी स्क्रीनचा फोटो मागितला. मी पाठवला.

आता दुकानात गल्ल्याच्या वर पोराचा पहिला प्रोग्राम लॅमिनेट केलेला लटकतोय, 'हॅलो वर्ल्ड'. गिऱ्हाईकं विचारतात, "नवीन साबण आला काय?"

*

सुषमाताई ब्युटी पार्लर चालवतात. त्यांच्या प्रोग्रामनं विचारलं, 'तुमचं नाव?' ताई चिडल्या. "काल त सांगतलं याले! आज पुन्हा काहून विचारते?"

म्हटलं, "ताई, प्रोग्राम बंद केला की तो सगळं विसरतो. रोज नव्यानं सांगावं लागतं."

"असं एक माणूस हाये आमच्या घरी. त्याच्यासाठी क्लास कायले लावू?"

*

सलीमभाईंचं गॅरेज आहे. मुलीला, नाझियाला, सोडायला यायचे आणि मागं बसून राहायचे. एकदा तिच्या स्क्रीनवर लालेलाल एरर आला. भाई उठले, लॅपटॉपला कान लावला, डोळे मिटून ऐकलं.

"इंजन ठीक है. चलानेवाले में गडबड है."

दुसऱ्या दिवसापासून नाझियानं त्यांना खाली रस्त्यावरच थांबवलं.

*

गजाननभाऊ यवतमाळ लाइनवर काळीपिवळी जीप चालवतात. त्यांना लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणं, समजेना. मी म्हटलं, "सोपं आहे. जोपर्यंत सीट रिकामी, तोपर्यंत 'यवतमाळ, यवतमाळ' ओरडायचं."

"आन सीट भरलीच नाही त?"

"मग लूप संपतच नाही. प्रोग्राम तिथंच अडकतो."

भाऊंनी हळूच लॅपटॉप मिटला.

"काय झालं भाऊ?"

"काही नाही मॅडम. इतके वर्सं मले वाटे, मी धंदा करून राह्यलो."

*

पल्लवी माझी सगळ्यात मेहनती विद्यार्थिनी. बीएस्सी झाली, मुलाखतींवर मुलाखती दिल्या, कुठंच जमेना. घरी स्थळं यायला लागली. बाबांनी बजावलं, "हे शेवटची मुलाखत."

तिच्या गावात नेट नाही, म्हणून ती माझ्या खोलीत बसली. मी दाराआड उभी. समोर स्क्रीनवर पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीचे साहेब. चेहरा ओढलेला, डोळे तारवटलेले, रात्रभर जागल्यासारखे. इंग्रजीत सुरुवात झाली, मग तेच मराठीवर आले.

"कोडमध्ये एरर आला आणि सापडतच नसला, तर काय करता?"

पल्लवी खरं बोलणारी मुलगी. "रडते, सर."

मी दाराआड कपाळाला हात लावला.

"मग?"

"मग थंड पाण्यानं तोंड धुते."

"मग?"

"मग सापडते. बहुतेक कॉमाच असते."

साहेब खुर्चीत ताठ झाले. मग "एक मिनिट" म्हणाले आणि कॅमेरा बंद झाला.

पल्लवी रडवेली. "मॅडम, गेली नं माही नोकरी?" मी दाराआडून येऊन तिच्याजवळ बसले. दोघी काळ्या स्क्रीनकडं बघत बसलो.

बऱ्याच वेळानं कॅमेरा सुरू झाला. साहेबांचं तोंड ओलं, केसांतून पाणी निथळत होतं.

"कॉमाच होता," ते म्हणाले. "सोमवारी जॉइन व्हा."