खांद्याची ड्युटी

रावजीची बायको जनी सकाळी सातला वारली आणि नऊ वाजले तरी गावातलं एकही माणूस त्याच्या अंगणात गेलं नव्हतं. मीही नाही. माझं घर तीस पावलांवर. त्याची लेक नूतन रडत होती, ते मला चहा पिताना स्वच्छ ऐकू येत होतं.

रावजी सात वर्षं वाळीत आहे. वाळीत टाकणं आता गुन्हा, म्हणून आमची गावकी तो शब्द तोंडातून काढत नाही. नुसतं बोलायचं नाही, बोलवायचं नाही, जायचं नाही.

कारण तो संप. कंत्राटी कामगारांना कायम करा, म्हणून देशभर पुकारलेला. खाडीकाठच्या रसायन कारखान्यात आमचा सगळा गाव कंत्राटी. देवळात नारळावर हात ठेवून आम्ही शपथ घेतली, कामावर जाणार नाही. आठव्या दिवशी कारखान्याचा साहेब गावात आला. गार पाण्याचा पंप बंद पडलाय, टाकी तापतेय, वायू सुटला तर वारा तुमच्याच गावाकडे आहे, म्हणाला. तो पंप वीस वर्षं रावजीच्या हातातला. गावकीचा प्रमुख धर्मातात्या स्वतः म्हणाला, "जा रावजी, पंप चालू कर नि ये. हजेरी तेवडी लावू नको."

रावजी गेला. गेटवरच्या यंत्रापुढे त्याच्या हाताने रोजचंच केलं. अंगठा टेकवला. यंत्र वाजलं तेव्हा कुठे त्याला कळलं. साहेबाने ती हजेरी मोबाईलवरून साऱ्या कारखान्यांत फिरवली, की बघा, कामगार परतले. दोन दिवसांत संप मोडला.

आता खरं सांगतो. रावजीच्या अंगठ्याने काहीच मोडलं नव्हतं. आदल्याच दिवशी दिल्लीत बड्या युनियनच्या पुढाऱ्यांनी कायम कामगारांची पगारवाढ पदरात पाडून सही केली होती आणि आमची मागणी कुठल्याशा समितीकडे ढकलली होती. ती समिती अजून भरतेच आहे. महिन्याभरात हे आम्हाला कळलं, तात्यालाही कळलं. पण दिल्लीला जाऊन पुढाऱ्यांची गचांडी धरणार कोण? रावजी तीस पावलांवर होता. त्याला पाठवलं कोणी, हे तात्या कधी बोलला नाही. आम्हीही नाही.

आज आमचं कंत्राट तीन-तीन महिन्यांचं. युनियनचं नाव काढलं की चौथ्या महिन्यात यादीत आपलं नाव नसतं. साहेबापुढे आमची मान वर होत नाही, पण रावजी पंपाशी एकटा डबा खातो, तेव्हा पाठ फिरवायला आम्ही शूर.

त्या सकाळी रावजीने ठेकेदाराकडे, सुजितशेठकडे, फोनवर रजा मागितली. शेठ म्हणाला, "दुपारी पंपावर दुसरा माणूस नाही. उरकून ये."

"शेठ, खांद्याला मानूस न्हाय."

"चार पाठवतो. ड्युटी लावतो त्यांची."

माझं नाव त्या चारांत. मी तात्याकडे धावलो. तात्याने जरा विचार केला. "ड्युटी हाय ना? मंग जा. पन बोलू नको त्याच्याशी, हिरामण."

कारखान्याच्या निळ्या गणवेशात आम्ही जनीला उचललं. याच बाईने लहानपणी मला कितीदा तरी जेवू घातलं होतं. चिता पेटल्यावर रावजी माझ्याजवळ आला. "हिरामण, लई उपकार झाले रं." वाळीत टाकेपर्यंत मी त्याला दादाच म्हणायचो. लाजेने मेलो, पण तोंड उघडलं नाही.

शेठची जीप उभीच होती. पाचही जण तिच्यातून गेटवर आलो. रावजीने अंगठा टेकवला. तूप आणि काजळीने बरबटलेला तो अंगठा यंत्राला ओळखू येईना. त्याने तो ओल्या पंच्याला पुसला, पुन्हा टेकवला, पुन्हा पुसला. चौथ्यांदा यंत्र वाजलं.

आमचे अंगठे पहिल्याच वेळी लागले.