चौथा खुंट

सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीच्या मागे अकरा फूट रुंद आणि चाळीस फूट लांब अशी मातीची पट्टी आहे. गाड्या लावायला ती अपुरी पडते म्हणून वाचली. तिथे तीन साध्या केळी, एक कढीपत्ता आणि नऊ वर्षे नाव नसलेले एक झाड होते. नाव नसण्याचे कारण माझे सासरे.

त्या झाडाची सुरुवात मुतखड्याने झाली. माझ्या नवऱ्याला खडा झाला, तेव्हा आत्तेसासूबाईंनी मंडईजवळ बसणाऱ्या जडीबुटीवाल्याकडून सात काळ्या बिया आणल्या. त्या दुधात उगाळून द्यायच्या होत्या. खडा डॉक्टरांनी काढला आणि बिया डबीत राहिल्या. हरभऱ्याहून मोठ्या, गारगोटीसारख्या टणक. सासरे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी सातही बिया कुंडीत लावल्या. पाणी घालायचे काम माझ्याकडे आले आणि मोजत राहायची मला सवय असल्याने मी दिवस मोजले. एकशे बाराव्या दिवशी एक उगवली. बाकीच्या सहा उगवल्या नाहीत.

रोप दिसायला केळीचेच. पण पहिल्याच हिवाळ्यात पाने पिवळी पडून झडली आणि फक्त कांद्याएवढा गड्डा उरला. मी कुंडी रिकामी करायला निघाले होते. सासरे म्हणाले, "राहू दे, झोपलंय ते." जूनमध्ये पान आले. तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला मी शिवणाची टेप घेऊन त्याचे माप घेऊ लागले.

तिसऱ्या वर्षी ते जमिनीत लावले. त्याचा बुंधा तळाशी फुगत गेला, इतका की शेजारच्या काकू म्हणायच्या, तुमच्या केळीचं पोट सुटलंय, हिला तळ्यातल्या गणपतीपर्यंत चालवा रोज. सासरे मला खिडकीतून फरक सांगायचे. साधी केळ बुडाशी मुनवे, म्हणजे नवी पिल्ले, काढते, एक कापली तरी तीन उरतात. ही मुनवे काढत नाही. साधी केळ वर्ष-दीड वर्षात घड देते. ही वर्षानुवर्षे गड्ड्यात साठवत राहते, एकदाच फुलते, बिया देते आणि मरते. पूर्वी शास्त्रज्ञांनी हिला केळीच्याच प्रजातीत ठेवले होते, नंतर कुळ तेच ठेवून प्रजाती वेगळी केली. सह्याद्रीच्या कड्यांवर वाढते ती रानकेळ, कुठे तिला कवदर म्हणतात, कुठे चवेणी. तिची एक बहीण पार ईशान्येला असते.

"मग ही आपली रानकेळच ना?" मी विचारले.

"बिया कुठून आल्या?"

"तो जडीबुटीवाला घाटातल्या म्हणाला."

"तो मुतखडा विरघळतो असंही म्हणाला होता," सासरे म्हणाले. "फूल येऊ दे. केळफुलावरची पानं तांबूस-तपकिरी निघाली तर आपली, हिरवी निघाली तर तिकडची. तोवर नाव लिहायचं नाही."

तेव्हा त्यांचे वय ब्याऐंशी होते. झाडाला अजून किती वर्षे लागतील हे त्यांना माहीत नव्हते आणि आपल्याला किती आहेत हेही. ते फूल बघायला मिळावे यापलीकडे त्यांनी आमच्याकडे काही मागितल्याचे मला आठवत नाही.

त्याच वर्षी सोसायटीने आवारातल्या झाडांची यादी करायचे ठरवले आणि वही माझ्याकडे दिली. दोन रकाने, नाव आणि संख्या. कढीपत्ता एक, केळी तीन, इथपर्यंत सोपे होते. चौथ्याचे नाव लिहायचे नाही हे ठरलेले. पण रकाना रिकामा सोडणे माझ्याच्याने होत नाही. कुळ तरी तेच आहे, असा विचार करून मी तिनाचे चार केले. केळी – ४. खाली सही केली.

पुढच्या श्रावणात सोसायटीच्या सत्यनारायणाला सेक्रेटरींनी बाजारातून केळीचे खुंट आणायचे नाहीत असे ठरवले. चौरंगाला चार खुंट लागतात आणि वहीत केळी चार. मी सकाळी दहाला खाली उतरले तेव्हा पूजा बांधून झाली होती. तीन खुंट मनगटाएवढे होते. चौथा मांडीएवढा, सुंभाने कसाबसा बांधलेला, आणि त्याच्या बाजूचा चौरंग जरा कललेला. मी मागे गेले. जमिनीपासून दीड फुटावर आडवा काप होता आणि त्यातून पाणी गळत होते.

सासऱ्यांना मी वर जाऊन सांगितले. ते सदरा बदलून खाली आले, कथा पूर्ण ऐकली, प्रसादाचा शिरा खाल्ला आणि मग सेक्रेटरींना म्हणाले, "पूजा छान बांधलीत आपण. चौथा खुंट आमचा आहे."

सेक्रेटरी गोंधळले. वही घेऊन आले आणि पान माझ्यासमोर धरले. "वहिनी, यात चार लिहिलंय. केळ काय, कापली की परत येते."

अक्षर माझेच होते. मी तसे सांगितले. सेक्रेटरींची चूक काढायला मला जागा नव्हती. वहीत जे होते त्याप्रमाणे ते वागले होते. सासरे एवढेच म्हणाले की नाव न लिहिणे वेगळे आणि दुसऱ्याचे नाव लिहिणे वेगळे. ते मला महिनाभर पुरले.

त्यांनी मला कापाजवळ पट्टी रोवायला लावली. अकरा वाजता कापाच्या मधोमध पानांच्या गुंडाळ्या सपाट होत्या. संध्याकाळी पाचला मधली गुंडाळी दोन सेंटिमीटर वर आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाच सेंटिमीटर. मी धावत वर जाऊन आकडा सांगितला.

"ते जुनंच पान आहे, आत दुमडलेलं," सासरे म्हणाले. "त्याचं टोक कापलं गेलंय. ते वर यायचंच. गड्ड्याचा डोळा जिवंत असेल तर नवं पान येईल. टोक असलेलं पान आलं की मला सांग."

मग मी टोके पाहू लागले. पहिले पान उलगडले, कात्रीने कापल्यासारखी सरळ कड. नवव्या दिवशी दुसरे, तेही बोडके, कड जरा तिरपी. सेक्रेटरी ऑफिसला जाताना स्कूटर थांबवून विचारायचे, "टोक?" मी मान हलवायचे. पुण्यात माणसे एकमेकांची माफी अशीच मागतात. चौदाव्या दिवशी तिसऱ्या पानाची फक्त एक बाजू कापलेली होती. मी सासऱ्यांना सांगितले, तर म्हणाले अर्धे टोक मोजायचे नाही.

एकविसाव्या दिवशी चौथी गुंडाळी आली. सुईसारखी, आणि तिच्या शेंड्याला सुतळीएवढी बारीक वाळकी शेपटी. मी तिला हात लावला नाही. वर जाऊन म्हटले, "बाबा, टोक आहे."

त्यांनी माझ्याकडून ते दोनदा वदवून घेतले. मग चहा मागितला, नेहमी अर्धा कप घेतात तो पूर्ण. स्वतः जिने उतरून त्यांनी पाहिले आणि सेक्रेटरींना निरोप पाठवला, "आपला गुन्हा माफ, पण वही दुरुस्त होईल." वहीत मी केळी ३ केले आणि खालच्या ओळीत लिहिले: नाव ठरायचे आहे – १.

त्या हिवाळ्यात झाड नेहमीसारखे झोपले, नेहमीसारखेच उठले, आणि मापाने बघितले तर कापण्याच्या आधीची जाडी गाठायला त्याला एक अख्खा पावसाळा लागला. नवव्या वर्षी, पाऊस ओसरताना, पानांमधून जाड दांडा निघून खाली वाकला. सासऱ्यांना तेव्हा जिने झेपत नव्हते. सेक्रेटरी आणि माझा नवरा यांनी त्यांना खुर्चीसकट दोन मजले खाली आणले. ते भिंग घेऊन बराच वेळ बघत बसले. केळफुलावरचे एक पान उचलून त्याखालची फुलांची रांग मला मोजायला लावली. चौदा. पानाचा रंग जुन्या विटेसारखा होता.

"आपली," ते म्हणाले. "लिही आता."

मी वही बरोबर नेली होती. रानकेळ, आणि तिचे लॅटिन नाव त्यांनी अक्षर अक्षर सांगितले. ते रकान्यात मावले नाही, समासात गेले.

घड पिकायला पुढचा उन्हाळा लागला. फळात गर जेमतेम, उरलेल्या सगळ्या बिया. झाड वाळले, गड्डाही मऊ पडला, आणि यावेळी ते झोपलेले नाही हे मला कोणी सांगायची गरज पडली नाही. सासऱ्यांनी अंथरुणावर बसून एका ताटात बिया मोजल्या, मी दुसऱ्या ताटात. ताटे बदलून पाहिले तर आकडा तीनने चुकला, म्हणून परत मोजल्या. एक हजार दोनशे सहा.

सात-सात बियांच्या पुड्या करून आम्ही इमारतीत वाटल्या. मुतखड्यासाठी नाहीत, असे प्रत्येक पुडीवर लिहिले. आमच्या कुंडीतल्या बियांना आज अठ्ठ्याण्णव दिवस झाले, अजून काही नाही. सेक्रेटरींच्या कुंडीत मात्र काल एक उगवले. त्यांनी खालूनच हाक मारून विचारले की वहीत लिहायचे का. सासऱ्यांनी मला खिडकीत पाठवले.

"बिया आपल्याच आहेत, नाव लिहा म्हणावं," ते म्हणाले. "आणि संख्या एक."