वन्सं आणि हसणारी तबकडी

माझं लग्न होऊन जेमतेम आठ दिवस झाले होते. मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते आणि बाहेरच्या खोलीत आमचे हे आणि माझ्या नणंदबाई, म्हणजे वन्सं, हमरीतुमरीवर आले होते.

"हसली!"

"नाही हसली!"

"दादा, मी माझ्या कानांनी ऐकलंय. चांगली मोठ्याने हसली."

"तुझ्या कानांचं मला सांगू नकोस. लहानपणापासून तुला नसलेलंच ऐकू येतं."

घरात नवीन बाईमाणूस मी एकटीच. मी कधी हसले, कुणाला हसले, काही आठवेना. त्यापेक्षा तोंडच मिटून ठेवावं म्हणून मी तीन दिवस ओठ घट्ट दाबून घरात वावरले. चौथ्या दिवशी वन्सं म्हणाल्या, "वहिनी, दाढ दुखते का तुझी?" मग मी भीतभीत सगळं सांगितलं. त्या ऐकता ऐकता पिठाच्या डब्यावरच बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अगं, तू नव्हे गं बाई! ती तबकडीतली!"

तर ती हकिगत अशी. वन्सं चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायच्या. फिरत्या चाकावर काच धरायची, पाणी सोडत राहायचं, मधूनच उजेडाकडे धरून बघायचं. पॉलिशच्या पावडरीने त्यांची बोटं कायम लाल. शेजारी गाण्यांच्या तबकड्यांचं दुकान होतं. दुपारच्या सुट्टीत वन्सं त्याच्या पायरीवर बसून डबा खायच्या आणि दुकानदार नव्या तबकड्या लावून बघायचा. त्यात एक दिवस सोल लागलं. सोल म्हणजे प्रार्थनेसारखं सुरू होतं आणि बघता बघता पायाला ताल धरायला लावतं, असलं अमेरिकेतलं इंग्रजी गाणं. त्यातले शब्द मला अजून अर्धेच कळतात. पण गाणारी बाई दुसरं कडवं संपवून हसली, असं वन्संचं म्हणणं. कुणीतरी पलीकडून गंमत करावी आणि हसू आवरू नये, तसं. वन्संनी ते तीन दुपारी ऐकलं आणि चौथ्या दिवशी ती तबकडी विकली गेली.

आमच्या ह्यांनी बहिणीची हौस बघून चार दुकानं पालथी घातली आणि तेच गाणं, तीच बाई, तसंच पिवळं लेबल असलेली तबकडी वन्संच्या वाढदिवसाला आणून दिली. वन्संनी ती लावली, दुसरं कडवं संपलं, आणि बाई सरळ तिसऱ्यावर गेली. हसली नाही. वन्सं म्हणाल्या, "ही ती नाही." आता भावाने एवढी वणवण करून आणलेल्या वस्तूला असं म्हणतात का? ह्यांना ते जे लागलं ते लागलंच. तेव्हापासून ती बाई हसलीच नव्हती, हे ह्यांचं ठाम मत. आणि भावाने आपल्याला खोटं पाडलं, हे वन्संचं दुखणं. दोघांचं एरवी एकमेकांवाचून पान हलत नसे. पण हा विषय निघाला की घरात दोन मांजरं.

वन्संनी लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "दोघे आले होते बघायला. दोघांनीही माझ्या तबकड्या किती आहेत ते विचारलं, एकानेही लावायला सांगितलं नाही." दर शनिवारी त्या कापडी पिशवी, भिंग आणि पेन्सिल घेऊन जुन्या बाजाराच्या गल्लीतल्या तबकडीवाल्याकडे जायच्या. चारशेच्या वर तबकड्या जमल्या, त्यांतल्या एकतीस त्या एकाच गाण्याच्या. मला विचाराल तर सगळ्या काळ्या आणि सगळ्या गोल. पण वन्सं मला शेजारी बसवून दाखवायच्या. "हे बघ, गाणं चाललं की कंपनी तीच तबकडी पुन्हा पुन्हा काढते, कधी ह्या कारखान्यात, कधी त्या. इथे नाव कमानीसारखं छापलंय, इथे सरळ. हा पिवळा हळदीसारखा, हा लिंबासारखा. ह्याच्यावर कंपनीचा पत्ता आहे, ह्याच्यावर नाही." मी म्हणायचे, "आणि गाणं?" "गाणं तेच." "मग झालं तर!" त्या कपाळाला हात लावायच्या.

खरी गंमत लेबलात नसतेच म्हणे. गाणं संपतं तिथून लेबलापर्यंत एक मोकळी गुळगुळीत पट्टी असते. साचा करणारा माणूस त्या पट्टीत बारीक आकडा कोरून ठेवतो, आणि शेवटी कितवा साचा तो अंक. वन्संच्या एकतीस तबकड्यांवर शेवटी दोन होता, तीन होता, चार होता. एक कुठेच नव्हता. "म्हणजे पहिला साचा वेगळा होता," वन्सं म्हणायच्या. "त्यात हसू होतं. मग कुणातरी शहाण्याने ते कापलं आणि दुसरा साचा केला."

आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणायचे, "दोनपासून मोजत असतील."

अशी वर्षं गेली. आम्हाला मुलं झाली, ती मोठी झाली, आपापल्या घरी गेली. वन्सं साठीच्या पुढे गेल्या आणि त्यांचे कान जाऊ लागले. आधी दारावरची घंटा ऐकू येईना, मग कुकरची शिट्टी. डॉक्टरांनी यंत्र दिलं, ते कानात घातलं की त्यांना पंखा ऐकू यायचा आणि माणसं नाही. एरवी वन्सं कधी रडल्या नाहीत. त्या दिवशी मात्र माझ्याजवळ बसून म्हणाल्या, "वहिनी, हसू सापडेल आणि मलाच ऐकू येणार नाही. मग दादा म्हणेल तेच खरं ठरेल."

मी म्हटलं, "मी आहे की ऐकायला."

"तू माझ्या बाजूची. तुझी साक्ष तो धरतोय होय!"

पण कान गेले त्याने एक झालं. तबकडीवाल्याकडे लावून बघण्यात आता अर्थ उरला नव्हता, म्हणून वन्सं नुसतं भिंगाने वाचायला लागल्या. आणि एकदा वाचायलाच लागल्यावर पिवळ्याच कशाला? इतकी वर्षं खोक्यातून आधी पिवळं लेबल उचलायचं आणि मग आकडा बघायचा, हा त्यांचा रिवाज. स्वतःच सांगायच्या की लेबल थापा मारतं, आणि स्वतःच लेबल बघून उचलायच्या. आता त्या सगळंच वाचू लागल्या, हिरवं, तांबडं, फाटकं, कुणाचंही. तबकडीवाला म्हणायचा, "मावशी, आमची जनगणना चाललीय का?"

सातव्या की आठव्या शनिवारी वन्सं दुपारीच घरी आल्या. धापा टाकत होत्या. पिशवीतून एक हिरव्या लेबलाची तबकडी काढली. वर कुणा पुरुषाचं आणि भलत्याच गाण्याचं नाव. ज्याने ज्याने ती नेली त्याने दुसऱ्या दिवशी परत आणून दिली होती, कारण नाव एकाचं आणि गाते दुसरीच. कारखान्यात पिवळी लेबलं संपली असतील, हाताला लागली ती चिकटवून मोकळे झाले असतील. पण पट्टीत आकडा त्याच गाण्याचा होता. आणि शेवटी एक.

"दादा, बस इथे," वन्सं म्हणाल्या. "तू ऐकायचंस."

"मी? मला काय त्यातलं कळतं?"

"म्हणूनच."

हे बसले. वन्संनी सुई ठेवली आणि आपला तळवा टेबलावर सपाट ठेवला. ताल तेवढा हातातून कळायचा त्यांना. नजर भावाच्या तोंडावर. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, आणि मी पदर तोंडात कोंबला. कारण ती बाई हसली. अशी हसली की मलाही हसू फुटलं.

ह्यांनी चेहरा जराही हलवला नाही. म्हणाले, "पुन्हा लाव."

पुन्हा लावली. पुन्हा हसली.

"खोकली," हे म्हणाले.

वन्संनी ओठांवरून शब्द ओळखला आणि त्यांचा चेहरा असा काही उतरला की मी आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्यावर ओरडले. "अहो, लाज वाटत नाही? हसली ती!"

ह्यांनी चष्मा काढून सदऱ्याने पुसला, परत घातला, आणि बहिणीसमोर खुर्ची ओढून तिला दिसेल असं एकेक शब्द तोडून म्हणाले, "हसली गं. तू म्हणालीस तशीच हसली. माझंच चुकलं."

वन्सं म्हणाल्या, "कशी हसली, करून दाखव."

सत्तरी ओलांडलेला माणूस, वन्संच्या त्यातल्या त्यात बऱ्या उजव्या कानाशी तोंड नेऊन त्या गाणाऱ्या बाईसारखा हसला. वन्संनी मान हलवली. "एवढं लांब नव्हतं. परत कर." हे परत हसले. "आता थोडं वरच्या पट्टीत." असं पाच-सहा वेळा झालं. समोरच्या घरातली बाई काय झालं म्हणून खिडकीत आली.

वाटलं होतं, आता शनिवार सुटतील. पण झालं भलतंच. ती तबकडी ह्यांनी स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवली आणि येईल त्याला बसवून ऐकवू लागले, वर "आमच्या बहिणीने शोधली" अशी प्रस्तावना. वन्संनी मागितली की म्हणायचे, "तुला ऐकू कुठे येतंय?" वन्सं म्हणायच्या, "मला वाचायला हवी!" शेवटी त्याच चिडून म्हणाल्या, "ठेव तुला. मी दुसरी शोधते." आणि पुन्हा पिशवी, भिंग, पेन्सिल.

चार वर्षं त्या दुसरी शोधत होत्या. आयुष्यातल्या शेवटच्या शनिवारीही त्या बाजारात गेल्या. तबकडीवाला नंतर सांगत होता, दोन खोकी पूर्ण वाचली, तिसरं अर्ध्यावर ठेवलं आणि उरलेलं पुढच्या खेपेला म्हणून त्यात कागदाची चिठ्ठी खोवली. घरी आल्या तेव्हा पिशवीत त्याच गाण्याची एक निळ्या लेबलाची होती. आकडा तीन, पण नावाखालची रेघ छापायची राहिलेली. तशी त्यांच्याकडे नव्हती. मोरीत बसून लेबलावर बरणीचं झाकण दाबून धरलं, साबणाच्या फेसाने खाचा हलक्या हाताने धुतल्या, स्वच्छ पाणी सोडलं आणि तबकडी ताटाळ्यात उभी करून ठेवली. वहीत तेहतिसावा आकडा लिहिला, पुढे लिहिलं, रेघ नाही. मग ह्यांना खोलीतून बाहेर येताना बघून म्हणाल्या, "हात लावू नकोस, ओली आहे," आणि चपला जागेवर ठेवायला गेल्या.