खरकटा पंजा

तारनाक्याच्या एका प्रयोगशाळेत मी प्लास्टिकला आठवण ठेवायला शिकवते. आमच्या पातळ पट्ट्या कोरड्या असताना आम्ही दिलेल्या आकारात मुकाट राहतात. दमट हवा लागली की त्यांच्या आतल्या लांबलचक साखळ्या सैल होतात आणि पट्टी आपल्या मूळ आकाराकडे निघते. काही जातींना ओल लागते, काहींना ऊब, काहींना उजेड. हे सगळं मी कोणालाही, कुठेही, कोणी न विचारता समजावून सांगते. त्यावरून घरात मला पुष्कळ बोलणी बसलेली आहेत.

मागच्या वर्षी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, पण उजव्या हाताची मूठ वळली ती सुटेना. बाबा गणिताचे मास्तर. 'जवळजवळ बरोबर' हे उत्तर त्यांनी कधी कोणाचं चालवून घेतलं नाही, स्वतःचं तर नाहीच. डाव्या हातात चमचा धरून जेवावं लागतं म्हणून ते आमच्याबरोबर टेबलावर बसेनात. आई त्यांचं ताट खोलीत नेऊन ठेवी आणि ते दार लोटून घेत. बाहेर आम्ही दोघी आणि एक रिकामी खुर्ची. उजवा हात सुटल्याशिवाय ते त्या खुर्चीत बसणार नाहीत हे आम्हाला ठाऊक होतं, आणि ती खुर्ची मला बघवत नसे.

कोठी भागातल्या एका दवाखान्यात हाताचे व्यायाम घेणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी प्लास्टिकचा एक पत्रा गरम पाण्यात मऊ केला, बाबांची बोटं उघडतील तेवढी उघडली आणि तो पत्रा हातावर दाबून बसवला. गार झाल्यावर तो कडक झाला. त्याला स्प्लिंट म्हणतात, पण आमच्या घरी त्याचा 'पंजा' झाला. दुपारी आणि झोपताना तो पट्टे आवळून घालायचा, म्हणजे बोटं पुन्हा वळत नाहीत. बाई आईला सांगू लागल्या, "अम्मा, इसकू धोते वखत..."

मी मध्येच म्हटलं, "मेरेकू मालूम है. मेरा कामीच ये है." आणि त्यांनाच दहा मिनिटं आकाराची आठवण समजावून दिली. बिचारीने सगळं ऐकून घेतलं.

दोनेक महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, आई पंजा घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. पंजा कसला, सपाट पत्रा होता तो. पट्टे लोंबत होते.

"काय केलंस तू?"

"धुतला. शितं वाळून चिकटली होती त्याला. खरकटा पंजा घालून अंथरुणात झोपायचं का माणसानं? उकळतं पाणी ओतलं वरून."

आईच्या राज्यात अन्न लागलं ते खरकटं, आणि खरकटं ते उकळत्या पाण्याखाली, मग ते पातेलं असो की दवाखान्यातली वस्तू. आणि उकळतं पाणी लागताच पंज्याला आपला मूळचा पत्रा आठवला होता. अगदी माझ्या शिकवणीप्रमाणे वागला होता तो.

मी भडकले. राग माझ्या नाकावर असतोच. एवढी साधी गोष्ट कशी कळत नाही, इथपर्यंत बोलून झालं.

"त्या बाई सांगत होत्या," आई म्हणाली. "तूच सांगू दिलं नाहीस."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दवाखाना सोमवारी उघडणार होता. एका दिवसाने काही बिघडलं नसतं, पण तोवर बाबांची मूठ पुन्हा आवळेल या भीतीने मला धीर धरवेना. परातीत पाणी तापवलं आणि बुडबुडे यायच्या आत गॅस बंद केला. पत्रा शिजल्या साबुदाण्यासारखा पारदर्शक झाला. टॉवेलवर टिपला, माझ्या मनगटावर लावून बघितला, सोसवतोय म्हटल्यावर बाबांच्या हातावर ठेवला.

कडक होईपर्यंत चारपाच मिनिटं हात धरून बसायचं असतं. बाबांचा हात मी याआधी धरला होता तो लहानपणी, शाळेची पुस्तकं घ्यायला कोठीला जाताना, रस्ता ओलांडण्यापुरता. इतकी वर्षं एका घरात राहून पुन्हा कधी धरला नव्हता. मला फार बरं वाटलं. राग कुठल्या कुठे गेला.

बोटांना मी जुन्या पंज्याएवढा बाक देत होते.

"एवढंच?" बाबांनी विचारलं.

"जुन्या मापाचा करतेय."

"जुनं माप चुकलंय. अजून उघड. लागत नाही."

मी भीत भीत उघडलं. बोटं आली. अजून उघडलं, अजून आली. अंगठा बाजूला झाला, दोन बोटं तर पार सरळ झाली. हे व्हायला नुसता पंजा पुरत नाही, मेहनत लागते. आणि मग मला ती शितं आठवली.

"बाबा, तुम्ही जेवता डाव्या हाताने. मग उजव्या पंज्याला भात कुठून लागला?"

कॉपी करताना सापडलेल्या मुलासारखे ते दाराकडे बघू लागले. दार लोटून ते रोज दाताने पट्टे सोडत होते आणि उजव्या हाताने घास उचलून बघत होते. हात धुवायला बाहेर आले असते तर आम्हाला कळलं असतं, म्हणून रुमालाला पुसून पंजा तसाच चढवत होते.

"निम्मं सांडतं अजून," ते म्हणाले. "सांडायचं थांबलं की येणारच होतो बाहेर."

आई दारात उभी राहून ऐकत होती. तिने पदराने डोळे पुसले. "सांडू द्या," ती म्हणाली. "पानं वाढते."

त्या दुपारी भात आणि खट्टी दाळ होती. बाबा तिसऱ्या खुर्चीत बसले. त्यांनी वेळ घेऊन भात कालवला. पहिला घास तोंडापर्यंत पोचलाच नाही. दुसरा निम्मा पोचला. शितं टेबलभर झाली, दाळ कोपरापर्यंत ओघळली. टेबल पुसायचं फडकं आईच्या हाताशीच होतं. एक शीत सांडलेलं दिसलं तरी पुसायला ताटावरून उठणारी ती, पण बाबांचं जेवण संपेपर्यंत तिने त्या फडक्याला हात लावला नाही.