तबला स्वयंपाकघरात

आमच्या नव्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीमागे स्पीकरच्या वायरी जोडायला लाल-काळ्या टोप्यांच्या चार जोड्या आहेत. स्पीकर मात्र घरात दोनच. सोबतचं माहितीपत्रक मी वाचलं नाही. संसारात करतात तशी सरळ वाटणी केली: डावा बाहेरच्या खोलीत मला, उजवा स्वयंपाकघरात माझ्या नवऱ्याला, श्रीधरला. रविवारचे पोहे तो करतो, आणि गाणं नसेल तर त्याच्याच्याने कांदा चिरवत नाही.

जुनी भावगीतं लावली. बाई अगदी जवळ बसून गात होती, पण तिच्या साथीला कोणीच नव्हतं. तेवढ्यात आतून आवाज आला, "अगं, आज नुसताच तबला का?"

"तबला? इथे तर नुसतंच गाणं आहे."

मग उमगलं. त्या जुन्या ध्वनिमुद्रणात गळा डावीकडे होता आणि ठेका उजवीकडे. स्पीकर वाटता वाटता मी गाणंच वाटून टाकलं होतं.

हसू आलं. तसं घरात हे रोजच चालतं. एकाच दिवसातला सूर एकाच्या वाट्याला येतो, ठेका दुसऱ्याच्या, आणि रात्री जेवताना दोघंही सगळं ऐकल्याच्या थाटात बोलतो.

वायर काढायला उठले, तर श्रीधर झारा घेऊन दारात उभा. मीही उंबऱ्यापाशी गेले. तिथे, दोन खोल्यांच्या मधे, गाणं नीट जुळत होतं. शेवटी पोहेही आम्ही तिथेच उभ्याउभ्या खाल्ले. जरा खाली लागले होते.

वायर बदलायची अजून राहूनच गेली आहे.