उत्तराला लागलेला वेळ

"ज्यांना हा चोर वाटतो त्यांनी हात वर करा," सर म्हणाले, आणि सगळा वर्ग हात वर करून माझ्याकडं बघायला लागला.

मी वर्गापुढं खुर्चीत बसलो होतो. शेजारच्या खुर्चीत एका इनामदाराचा मुलगा. त्याच्यासाठी आधी फक्त खिडकीजवळच्या एका मुलानं हात वर केला होता. बाकीच्यांचा रंग बघून त्यानं तो गुपचूप खाली घेतला.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. मी सांगलीला कॉलेजात शिकत होतो. आमच्या या सरांनी विलायतेहून येताना दोन विषय आणले होते, मानसशास्त्र आणि गुन्हेशास्त्र. दोन्ही एकत्रच शिकवायचे, हा त्यांचा हट्ट. मन कळल्याशिवाय गुन्हा कळत नाही, असं ते पहिल्याच तासाला म्हणाले. मी तिथंच भुललो. आमच्या घराण्याचा गुन्हा साऱ्या मुलखाला माहीत होता. मन कुणी विचारलं नव्हतं.

आम्ही रामोशी. वडूजपासून दोन कोसांवर आमचं गाव. सरकारनं कायदा करून आमची जातच गुन्हेगार ठरवलेली. आबा, म्हणजे माझे वडील, गावाच्या खळ्यांची राखण करायचे आणि सकाळ-संध्याकाळ चावडीवर जाऊन पाटलापुढं हजेरी द्यायचे. ज्याच्या भरवशावर गाव निवांत झोपायचं, त्यालाच चोर म्हणून मोजायचं. परगावी जायचं तर दाखला लागायचा. माझी आत्या मलकापुराला वारली. दाखला हातात पडेस्तोवर तिची माती उरकली होती. आबांनी उभ्या जन्मात कुणाची काडी उचलली नव्हती.

तर प्रयोग असा. दोघांनी शेजारच्या खोलीत जायचं. तिथं दोन चिठ्ठ्या. ज्याला खुणेची चिठ्ठी येईल त्यानं टेबलावरचं फाउंटन पेन खिशात घालायचं, दुसऱ्यानं नुसतं परत यायचं. कुणी उचललं ते वर्गाला ठाऊक नाही, सरांनाही नाही. मग सर एकेक शब्द उच्चारणार. ऐकताक्षणी मनात येईल तो शब्द आपण सांगायचा. उत्तराला किती वेळ लागला ते सर स्टॉपवॉचवर मोजणार. ज्याच्या मनात खोट, तो अडखळणार. शब्द मराठीतले, कारण मातृभाषेत माणसाला लपता येत नाही, असं सरांचं म्हणणं.

खुणेची चिठ्ठी इनामदाराच्या मुलाला आली. त्यानं पेन उचललं, खिशात टाकलं आणि मला डोळा मारला.

त्याची उत्तरं फाडफाड आली. झाड, पान. दूध, साय. शाई, दौत. घोड्यावर बसल्यासारखा तो त्या खुर्चीत बसला होता.

मग माझी पाळी. सर म्हणाले, "घर." माझ्या मनात आलं कवाड. ते मी गिळलं आणि दार म्हणालो. "संध्याकाळ," सर म्हणाले. मनात आली हजेरी. तीही गिळली. बराच वेळ काही सुचेना. शेवटी दिवा म्हणालो.

असं सगळंच गिळत बसलो. त्याचं कारण पेन नव्हतं. पहिल्या वर्षी मी एकदा न्हाई म्हणालो, तर खोलीतली पोरं आठवडाभर मला न्हाई म्हणूनच हाका मारत होती. तेव्हापासून माझा प्रत्येक शब्द मी आधी मनात धुऊन घ्यायचो, पुसायचो, मगच बाहेर काढायचो. आणि जात तर कुणाला कळू द्यायची नव्हतीच. या धुण्यापुसण्याला वेळ लागत होता. सरांनी तो सगळा वेळ नीट टिपून घेतला.

आणि मग ते हात वर झाले.

इनामदाराच्या मुलानं खिशातून पेन काढून उंच धरलं. वर्ग हसला. मीही हसलो. सुटलो म्हणून हसलो. त्या हसण्याची मला आज सगळ्यात जास्त किळस येते.

सर हसले नाहीत. आपल्या कागदावरचे आकडे बघत म्हणाले, "प्रयोग चुकलेला नाही. हे आकडे चोराचेच आहेत. याला आज संधी मिळाली नाही, इतकंच." मग त्यांनी माझी जात सांगितली. शाळेच्या दाखल्यावरून त्यांना आधीपासून माहीत होती. म्हणजे मला खुर्चीत बसवलं तेव्हाच त्यांचं ठरलेलं होतं.

ते जवळ आले. दोन बोटांनी माझी हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडं वळवलं. बाजारात खोंडाचे दात बघतात तसं. "कपाळाची ठेवण बघा," ते वर्गाला म्हणाले. त्यांच्या बोटांना तपकिरीचा वास होता. बघून झाल्यावर त्यांनी ती बोटं रुमालाला पुसली. तोंडात आंबट पाणी आलं आणि तेही मी गिळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खोलीत बोलावलं. चहा दिला. फार मायेनं बोलले. या प्रयोगावर ते एक निबंध छापणार होते. त्यासाठी माझी सही हवी होती. टाइप केलेल्या कागदावर लिहिलं होतं की गुन्ह्याकडं असलेला उपजत ओढा आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि हे मी स्वखुशीनं मान्य करतो.

"कलेक्टरसाहेबांकडे माझ्या शब्दाला वजन आहे," सर म्हणाले. "तुझ्या वडिलांची हजेरी मी सोडवतो. तू फक्त खरं ते कबूल कर."

मी कागद घडी घालून खिशात ठेवला. नाही म्हणालो नाही. आबा दाखल्याशिवाय पाहिजे तिथं जाताहेत, हेच डोळ्यांपुढं दिसत होतं. माझी एक सही, बस.

शनिवारी गावी गेलो. आबा दारात चऱ्हाट वळत बसले होते. मी त्यांना कागद मराठीत करून सांगितला. ते हात न थांबवता ऐकत होते.

"उपजत म्हंजी?"

"जन्मापासनं असतंय ते."

"तुज्यात बी हाय म्हनत्यात?"

"व्हय."

"अन् तुज्या हुणाऱ्या पोरांत?"

मी खाली बघून व्हय म्हणालो. आबांनी चऱ्हाट बाजूला ठेवलं.

"पाटील मला चोर समजतो, सरकार समजतं. समजू दे. पर मी सोता कवा म्हनलोय का, मी चोर हाय म्हनून? एकदा बी न्हाई. आन् तू लिवून द्याया निगालास. माजी हजेरी मी दिईन मरूस्तोवर. तू ह्ये दिऊ नगंस."

त्यांनी कागदाला हातसुद्धा लावला नाही. माझी मलाच शिसारी आली. एवढी बुकं वाचून मला जे कळलं नाही, ते अंगठा उठवणाऱ्या या माणसाला सरळ कळलं होतं.

सोमवारी भर वर्गात उभा राहिलो आणि कागद टेबलावर ठेवला.

"सर, मी सही करत न्हाई."

मागं कुणीतरी न्हाईला हसलं. मी मागं वळून पुन्हा म्हणालो, "न्हाई." या वेळी कुणी हसलं नाही.

"निबंध छापायचा तर सगळा छापा," मी म्हणालो. "पेन कुणाच्या खिशात होतं तेही छापा."

सरांचा चेहरा उतरला. "कृतघ्न आहेस," ते म्हणाले. "बापाचा तरी विचार करायचास."

"केला."

"मग माझ्या वर्गात तुझं काम नाही."

"माझं नाव पटावर आहे," मी म्हणालो आणि पहिल्या बाकावर जाऊन बसलो. शेजारचा मुलगा उठून मागं गेला. वर्षभर त्या बाकावर माझ्याशेजारी कुणी बसलं नाही.

निबंध छापला की नाही, मला माहीत नाही. आबांची हजेरी मात्र सुटली नाही. दोन्ही विषय मी सोडले नाहीत. घाण वाटली म्हणून उठून गेलो असतो तर खुर्ची, घड्याळ, कागद, सगळं त्यांच्याच हातात राहिलं असतं.

सुट्टीत आबांबरोबर चावडीवर गेलो. आमची माणसं रांगेत उभी होती. पाटील नावं पुकारत होता, मधूनच आयाबहिणींवरून शिव्या देत होता. एका म्हाताऱ्याला ओ द्यायला उशीर झाला, तर त्याला उन्हात उभं केलं. मी खांबाशी उभा राहून वहीत लिहीत होतो.

"काय लिवतोस रं?" पाटलानं विचारलं.

"तुमालाच," मी म्हणालो. "तुमी कुनाला काय बोलला, कुनाला किती येळ उभं केलं, त्ये."

"कशापायी?"

"माजा अभ्यास हाय."

रांगेतल्या कुणी मान वर केली नाही. आबांनी केली. आमची मनं तपासून झाली, आता नाव पुकारणाऱ्याचं तपासायचं, असं मी तिथंच पक्कं केलं. मग त्यासाठी कितीही वर्षं लागोत, कितीही चावड्या हिंडाव्या लागोत.

पाटलानं हात पुढं करून वही मागितली. मी दिली नाही.